‘इंडियात गेल्यावर करू’ आणि माझी दाढ

२०२५च्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी पावणेसातची वेळ, रेडिंग स्टेशनचा प्लॅटफॉर्म, तापमान शून्याच्या आसपास. लंडनची गाडी चुकू नये म्हणून मी जिना धावत चढले, धाप लागली आणि तोंड उघडून एक मोठा श्वास घेतला. तो गार वारा वरच्या डाव्या दाढेला लागला मात्र, डोळ्यांपुढे काजवेच चमकले! थेट कानापर्यंत सणक गेली. शेजारच्या बाईने विचारलं, ‘‘आर यू ऑल राइट?’’ मी गाल धरून नुसती मान हलवली. बोलायला तोंड उघडायचीही सोय नव्हती, उघडलं की वारा आत!

गंमत म्हणजे ही दाढ दुखत होती म्हणून मी भरून घेतली नव्हती. भरण्याआधी ती बिचारी गुपचूप होती. भरल्यावर दुखायला लागली. त्यामुळे पुढचे काही दिवस मी नाशिकच्या आमच्या डेंटिस्टना मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं, हे कळायला फेब्रुवारी उजाडला.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची एक यादी असते. चष्मा, रक्ताच्या तपासण्या, ब्लाउज शिवणं, बँकेचं केवायसी आणि दात. सगळ्यासमोर एकच शेरा, ‘इंडियात गेल्यावर करू’. माझ्या दाढेत अन्न अडकायला लागून दोन वर्षं झाली होती. इथे एनएचएसचा डेंटिस्ट मिळेना. चार दवाखान्यांना फोन केले, चारही ठिकाणी एकच उत्तर, नवीन एनएचएस पेशंट घेत नाही. प्रायव्हेटला जायचं तर खिसा दुखतो. मग काय, इंडियात गेल्यावर करू!

डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी नाशिकला गेलो. पहिला आठवडा झोपेत आणि पाहुण्यांत गेला, दुसरा चुलतभावाच्या लग्नात, तिसरा खरेदीत. डेंटिस्टकडे गेले ती निघायच्या आदल्या दिवशी. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, ‘‘ताई, तीन दात भरायला झालेत. वरच्या दाढेची कीड खोल गेलीये, नसेच्या अगदी जवळ. आधी यायला हवं होतं. भरून देतो, पण दोन-तीन आठवडे थंड लागेल. आणि चावताना दात उंच वाटला तर लगेच या, घासून देतो.’’

मी म्हटलं, ‘‘डॉक्टर, उद्या रात्रीचं विमान आहे.’’

ते हसले, पण त्यात कौतुक नव्हतं.

दात भरल्यावर दुखतो का?

हा प्रश्न मी नंतर इतक्या जणांना विचारला की उत्तर आता पाठ झालंय. दाताच्या वरचं पांढरं कवच, म्हणजे इनॅमल, याला संवेदना नसते. त्याच्या खाली डेंटिन असतं आणि त्यात हजारो अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्या आतल्या नसेच्या दिशेने जातात आणि त्यांत द्रव असतो. गार, गरम, आंबट, गोड असं काही उघड्या डेंटिनला लागलं की हा द्रव नळीत हलतो, आणि त्या हालचालीची कळ नसेला बसते. मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश संशोधकांनी १९६० च्या दशकात ही गोष्ट प्रयोगांनी पुढे आणली आणि आजही दात शिवशिवण्याचं कारण सांगताना डॉक्टर याच नळ्यांपासून सुरुवात करतात. चिंच खाल्ल्यावर आपण ‘दात आंबले’ म्हणतो ना, त्यातही याच नळ्यांचा हात असतो.

आता दात भरताना काय होतं? कीड कोरून काढतात, म्हणजे ड्रिल चालतं, घर्षण होतं, थोडी उष्णता निर्माण होते. मग दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरायचं असेल तर आधी आम्ल लावून पृष्ठभाग खरबरीत करतात, त्यावर चिकटवणारा थर देतात आणि निळ्या प्रकाशाने मसाला कडक करतात. कडक होताना हे कॉम्पोझिट किंचित आकसतं, आकारमानाने साधारण दोन-तीन टक्के. म्हणून चांगला डेंटिस्ट ते एकदम न भरता थराथराने भरतो. इतकं सगळं सोसल्यावर आतली नस थोडी चिडणारच. खड्डा जितका खोल, तितकी चिडचिड जास्त. गार पाणी लागलं की क्षणभर कळ येते आणि पाणी गिळलं की जाते. असं असेल तर बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर दोन ते चार आठवड्यांत, नस आपोआप शांत होते.

हे सगळं मला जानेवारीत ठाऊक असतं तर बरं झालं असतं. मला एवढंच ठाऊक होतं की वर डावीकडे गार लागतं, खाली उजवीकडे चावलं की दुखतं आणि जेवायला तिसरी बाजू देवाने दिलेली नाही. मऊ भात, मेतकूट आणि तूप यावर माझे पंधरा दिवस गेले.

आई रोज व्हिडिओ कॉल करते. तिच्या नजरेतून काय सुटणार?

‘‘अगं, पोळी दुधात बुडवून का खातेस? आजारी आहेस का?’’

‘‘दाढ दुखतेय जरा.’’

‘‘लवंगेचं तेल लाव.’’

लावलं. कापसाचा बोळा तेलात चांगला भिजवून दाढेशी दाबून ठेवला. दाढ जरा बधिर झाली खरी, पण हिरडी अशी भाजली की दोन दिवस तिचंच दुखणं वेगळं सोसावं लागलं. लवंगेतलं युजेनॉल दाताचं दुखणं थोडा वेळ दाबतं, डेंटिस्टही तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते वापरतात. पण शुद्ध तेल हिरडीवर ओतायची वस्तू नाही, आणि पक्क्या फिलिंगखालच्या दाढेला बाहेरून लावून फारसं साधतही नाही.

संक्रांतीचा लाडू

अठरा जानेवारीच्या शनिवारी आमच्या भागातल्या मराठी मंडळींचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शाळेचा हॉल, काळ्या साड्या, वाणाच्या डब्या. कुणीतरी प्रेमाने तिळाचा लाडू हातावर ठेवला. नाही कसं म्हणणार? उजवीकडून चावला आणि मी तिथेच खुर्चीवर बसले.

माझी एक मैत्रीण इथल्या दवाखान्यात डेंटल नर्स आहे. ती शेजारी येऊन बसली. ‘‘मी डॉक्टर नाही, निदान करणार नाही,’’ असं आधीच बजावून तिने मला चार प्रश्न विचारले. दुखणं गार लागल्यावर येतं की चावल्यावर? गार लागल्यावर कळ लगेच जाते की रेंगाळते? गरम चहाने दुखतं का? आणि काही न खाता-पिता, आपोआप, किंवा रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखतं का?

मी आठवून आठवून उत्तरं दिली. उजवीकडची खालची दाढ फक्त चावताना दुखते. डावीकडची वरची गार लागल्यावर दुखते, आणि हल्ली कळ जरा रेंगाळते.

‘‘अगं, मग ही दोन वेगळी दुखणी आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘तू दोन्हीला सेन्सिटिव्हिटी म्हणून एकाच पोत्यात भरतेयस. चावताना दुखतं त्याला कुठलीही पेस्ट उपयोगी नाही. ती दाढ बहुतेक उंच राहिलीये. भूल दिलेली असताना आपण नीट चावून दाखवतच नाही ना. तीन आठवडे थांबलीस कशाला?’’

थांबले कशाला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्यांनी दाढ भरली ते नाशिकला, मी रेडिंगला. पुढच्या डिसेंबरमध्ये दाखवू, असा विचार माझ्या डोक्यात खरोखर येऊन गेला होता! हे लिहिताना लाज वाटते, पण येऊन गेला होता.

दोन मिनिटांचं काम

पुढच्या आठवड्यात खिशाचा विचार बाजूला ठेवून प्रायव्हेट डेंटिस्टकडे गेले. तिने दातांमध्ये निळा कागद ठेवून चावायला सांगितलं. ‘टॅप टॅप टॅप, नाऊ ग्राइंड साइड टु साइड.’ खालच्या दाढेवर एक गडद निळा ठिपका उमटला. बाकी दातांवर नुसत्या फिकट खुणा. म्हणजे प्रत्येक घासाचा पहिला मार ही एकटी दाढ झेलत होती. तो ठिपका तिने ड्रिलने हलकेच घासला, पुन्हा कागद, पुन्हा घासणं. भूल नाही, दुखणं नाही, दोन मिनिटं. तीन दिवसांनी मी उजवीकडून भाकरी खाल्ली. तीन आठवडे मी उगाच मऊ भात गिळत होते!

वरच्या दाढेचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. तिने कापसाच्या छोट्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो आधी शेजारच्या दाताला लावला. कळ आली, गेली. मग दाढेला लावला. कळ आली आणि थांबलीच. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. आरशाच्या दांड्याने दाढेवर टकटक केलं, एक्स-रे काढला. मग तिने विचारलं, खड्डा किती खोल होता, खाली अस्तर दिलंय का, मसाला कुठला. माझ्याकडे काय होतं? एक चुरगळलेली पावती.

नाशिकला फोन लावला. तिकडे रात्रीचे आठ वाजले होते. ज्या डॉक्टरांना मी महिनाभर मनात बोलत होते, त्यांनी दहा मिनिटांत जुना एक्स-रे आणि चार ओळींची टिपणं व्हॉट्सअॅपवर पाठवली, वर विचारलं, ‘‘उंच वाटत होती का कुठली? मला कळवायचं ना!’’ इथल्या डॉक्टरीण बाईंनी दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, काम चांगलं केलंय, पण कीडच फार खोल होती. नस वाचेल की नाही हे आता सांगता येत नाही. दोन आठवडे पाहू. पण गरम लागायला लागलं, आपोआप ठणकायला लागलं किंवा रात्री जाग आली, तर दोन आठवडे संपायची वाट पाहू नका.

त्यांनी पेस्टही सांगितली. दातांसाठीच्या ‘सेन्सिटिव्ह’ पेस्टा सगळ्या सारख्या नसतात, मागचं लेबल वाचावं. पोटॅशियम नायट्रेट असेल तर पोटॅशियम हळूहळू साठत जाऊन नसेला शांत करतं. स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिन असेल तर त्या नळ्यांची तोंडं बुजायला मदत होते. कुठलीही घ्या, दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने, आणि फेस थुंकून टाकल्यावर चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर औषध बेसिनमध्ये जातं. लहानपणापासून खळखळून चुळा भरायची सवय, ती मोडताना मला सगळ्यात त्रास झाला! दोन दिवसांत गुण येत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. लिंबू सरबत, सोलकढी, कोला, लोणचं थोडे दिवस बेतानं. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये, अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, कारण आम्लाने इनॅमल तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं. दात पांढरे करणाऱ्या पेस्टा, कोळशाची पावडर, मीठ चोळणं हे सगळं बंद.

हे मी इमानदारीने केलं. तिसरा भरलेला दात, जो अधूनमधून शिवशिवायचा, तो यानेच पूर्ण शांत झाला. म्हणजे तीन दात, तीन तऱ्हा. एकाला पेस्ट पुरली, एकाला घासणं, आणि तिसऱ्याची कथा पुढे.

नऊ रात्री

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा सकाळचा चहा वरच्या दाढेला लागला आणि ठणका सुरू झाला. गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटायचं! मला वाटलं, वा, थंड लागायचं थांबलं, म्हणजे सुधारणा आहे. प्रत्यक्षात ते उलट लक्षण होतं. गरमाने वाढणारं आणि गाराने शमणारं दुखणं म्हणजे नस शेवटच्या घटका मोजतेय याची खूण असू शकते.

मग रात्री दोनला जाग यायला लागली. आडवं झालं की ठणका वाढायचा. ऑफिसात वर्षअखेरीचं काम, सुटी मागायची लाज आणि मनात एकच पालुपद, ‘डॉक्टरांनी सांगितलंय ना, फिलिंगनंतर थोडं दुखतं.’ अशा मी नऊ रात्री आयबुप्रोफेनवर काढल्या. नवव्या रात्री बॅगेत इंडियातून आणलेली अँटिबायोटिकची पट्टी सापडली, तीही घेणार होते. नवऱ्याने हातातून काढून घेतली. योग्य केलं. नस सुजून आलेल्या अशा ठणक्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, हे नंतर कळलं.

सकाळी १११ नंबरला फोन केला. एनएचएसच्या या लाइनवर दातांची तातडीची अपॉइंटमेंट मिळू शकते, नेहमीचा डेंटिस्ट नसला तरी, हे आपल्या कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. त्याच दिवशी संध्याकाळी जवळच्या गावातली वेळ मिळाली. तिथल्या डॉक्टरांनी भूल देऊन दाढ उघडली, नस काढली, औषध भरून तात्पुरतं बंद केलं. बिल तातडीच्या उपचाराचं, २६.८० पौंड. त्या रात्री मी आठ तास झोपले. पुढचं रूट कॅनाल प्रायव्हेटला पूर्ण केलं, ते मात्र महागात पडलं.

इंग्लंडमध्ये एनएचएसची जागा मिळाली तर फिलिंग आणि रूट कॅनाल दोन्ही ‘बँड टू’मध्ये येतात. तेव्हा त्याचे ७३.५० पौंड होते, एप्रिल २०२५ पासून ७५.३० झाले. एकाच उपचारात तीन दात भरले तरी तेवढेच. माझ्या दोन वर्षांच्या ‘इंडियात करू’चा हिशेब मांडायचा मोह मी टाळते.

ती नस मी नऊ रात्री आधी गेले असते तर वाचली असती का? बहुधा नाही. पण नऊ रात्री वाचल्या असत्या. आणि दोन वर्षं आधी गेले असते, तर तीच कीड एवढीशी असताना भरली गेली असती.

तिकडची यादी

सगळं झाल्यावर आईला फोन करून ऐटीत सांगितलं, ‘‘बघ, आता थंड पाणी पिते!’’ ती हसली आणि सहज बोलून गेली, ‘‘माझं मेलं वर्षभर कोमटच चाललंय. डावीकडे गार लागू देत नाही.’’

‘‘आई! वर्षभर? मी डिसेंबरमध्ये तिथे होते. बोलली का नाहीस?’’

‘‘तू तीन आठवड्यांसाठी येतेस. त्यात माझे दात कुठे काढायचे? म्हटलं, पुढच्या खेपेला निवांत आलीस की जाऊ.’’

मी गप्पच झाले. माझ्या यादीवर ‘इंडियात गेल्यावर करू’ लिहिलेलं, आणि तिच्या यादीवर ‘लेक आल्यावर करू’. दोघी एकमेकींच्या भेटीची वाट पाहत दात किडवत बसलो होतो.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंना फोन केला. त्या आईला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आईची जुनी चांदी कडेने तुटली होती आणि हिरड्या खाली सरकल्याने दातांची मुळं उघडी पडली होती. लहानपणी आजीचं पाहून तिने काही वर्षं मशेरी लावली होती, नंतर कडक ब्रश. डॉक्टरांनी चांदी काढून नवीन भरलं, उघड्या मुळांवर फ्लोराइडचं वार्निश लावलं. नस शाबूत होती. तिसऱ्या दिवशी चावताना उंच वाटलं, तर आई स्वतः रिक्षाने जाऊन घासून घेऊन आली. फोनवर मला म्हणाली, ‘‘तुझ्यासारखी महिनाभर नाही बसले हो!’’

डिसेंबरची तिकिटं तुमच्यापैकी अनेकांनी काढली असतील, म्हणून चार गोष्टी सांगते. दात तिकडेच दाखवायचे असतील तर जरूर दाखवा, पण पहिल्या आठवड्यात, म्हणजे उंच वाटलं तर परत जाता येईल. भूल उतरल्यावर घरी नीट चावून बघा. एक्स-रेचा फोटो आणि कुठला दात, किती खोल, काय भरलं एवढं लिहून घ्या. परतल्यावर गाराने क्षणभर कळ येत असेल तर पेस्ट लावा आणि धीर धरा, चार आठवड्यांतही फरक नसेल तर दाखवा. चावताना दुखत असेल तर वाट पाहू नका. कळ रेंगाळत असेल, गरमाने वाढत असेल, रात्री उठवत असेल तर अजिबात नाही. आणि गाल सुजला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर सरळ इमर्जन्सी.

आणि आज घरी फोन कराल तेव्हा ‘जेवलीस का’ विचारून झालं की आणखी एक विचारा, ‘दोन्ही बाजूंनी चावून जेवतेस ना?’